सुकडीपायी वाढवलेलं वय

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर नरसिंग चालवायचा. चाकूरच्या वाटेवर त्यानं गावातल्याच दगडोबाला उडवलं. दगडोबाचा पाय गुडघ्यापासून गेला. नरसिंग शिंदी प्यालेला होता, असं पोलिसांनी लिहिलं. पण रक्त तपासायचं राहून गेलं.

नरसिंगची आई पारूबाई शाळेतल्या पंचाक्षरी गुरुजींच्या दारात येऊन बसली.

"लेकरू पंधराचं हाय गुरुजी. शाळेच्या कागदावर सतरा भरतेत. वकील म्हन्तो, सोळाच्या आतलं निघालं तर लेकरांच्या कोर्टात, न्हाई तर मोठ्यांच्या जेलात."

ती दोन वर्षं गुरुजींनीच वाढवली होती. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सरकारकडून खायला सुकडी मिळायची ती पटावरच्या मुलांनाच. बहिणीचं बोट धरून आलेला चार वर्षांचा नरसिंग दारात उभा राहून खाणाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचा. गुरुजींनी त्याला सहाचा करून पटावर घेतला होता. जन्मतारीख, एक जून.

वयाची साक्ष द्यायच्या आधी त्यांनी नरसिंगला गाठलं. "प्याला होतास?"

"हाव. ट्रॅक्टरच्या मालकानंच पाजली. वकील म्हनला, कुणापाशी बोलू नको."

गुरुजीही कुणापाशी बोलले नाहीत.

लातूरच्या कोर्टात त्यांनी आपली लबाडी कबूल केली. सरकारी वकिलानं विचारलं, "अशी किती मुलं?"

"सुकडी होती तोवर आलेली सगळी."

खटला मुलांच्या कोर्टात गेला. तिथं दगडोबानं सांगितलं, पोराच्या तोंडाला वास होता. नरसिंगचा वकील म्हणाला, पाय तुटलेल्या माणसाला कसला वास कळतोय? मागच्या बाकावर गुरुजी होते. उठावं असं त्यांना दोनदा वाटलं, पण ते उठले नाहीत. दारूचा आरोप गळाला. ट्रॅक्टर बेदरकार चालवल्याबद्दल पोराला चांगल्या वागणुकीच्या हमीवर आईच्या ताब्यात दिलं.

गुरुजींना नोटीस आली, एक वेतनवाढ थांबली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. जेवताना मात्र दगडोबाचा चेहरा समोर यायचा. पंधरा दिवसांनी ते नरसिंगला घेऊन दगडोबाच्या घरी गेले.

"काका, म्या प्यालो होतो," नरसिंग म्हणाला आणि रडू लागला.

"मला ठावं हाय. तूच उचलून ट्रॅक्टरवर घातलंस की मला. तवाच वास आला." दगडोबानं गुरुजींकडं पाहिलं. "तुमाला कवा कळलं, गुरुजी?"

"साक्षीच्या आधी."

"मंग मला येड्यात काढलं तवा तुमी तिथंच होता."

गुरुजींनी मान डोलावली. दगडोबाची बायको सरजाबाई चुलीपाशी बसून होती. तिनं दोघांना बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. दोघं वाकून दाराबाहेर पडले.