न मोडलेला नियम

"पाळक कधी यायचे?" शनिवारी दुपारी इस्पितळातल्या खाटेवरून शिंपीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"निघालेत. गाडीला उशीर झालाय," ताई म्हणाल्या. चर्चमधली अख्खी मंडळी त्यांना ताईच म्हणायची, वयाने मोठी माणसंसुद्धा.

शिंपीणबाईंना डोळे मिटण्याआधी येशूच्या स्मरणाचं प्रभुभोजन घ्यायचं होतं. त्याची भाकर आणि द्राक्षरस ताईंच्या मांडीवरच्या पिशवीत होते. पण प्रभुभोजन द्यायचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकांनाच, आणि त्यांच्या चर्चने आजवर एकाही बाईला दीक्षा दिली नव्हती. ताई आणि पाळक एकाच वर्गात धर्मशास्त्र शिकले. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते ताईंच्याच वह्या मागायला यायचे. पुढे ते पाळक झाले, ताई सेविका. बावीस वर्षांत ताईंनी दीक्षेसाठी चार अर्ज केले, चारही फेटाळले गेले. पाचवा येत्या बुधवारी समितीपुढे होता.

"तूच दे की," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मला चालत नाही, मावशी."

"मला चालतंय ना! चाळीस वर्षं पाळकांचे झगे शिवले मी. झग्यात काय असतं ते मला नको सांगूस." त्या हसल्या आणि त्यांना धाप लागली.

ताईंनी बाहेर जाऊन फोन लावला.

"अजून दोन तास तरी लागतील," पाळक म्हणाले. "आणि ताई, बुधवार तोंडावर आलाय. या वेळी वारं फिरलंय. भलतंसलतं काही करू नकोस."

ताई परत येऊन बसल्या. शिंपीणबाईंचे ओठ ओल्या कापसाने पुसले, हात हातात घेऊन प्रार्थना केली. पिशवी मात्र उघडली नाही. चारच्या सुमारास शिंपीणबाईंनी विचारायचं सोडलं. पाळक धावतपळत आले तेव्हा नर्स खाटेभोवती पडदा ओढत होती.

बुधवारी समितीचे अध्यक्ष खुशीत दिसले. "बावीस वर्षांत एकही नियम मोडला नाहीत तुम्ही. यंदा अनुकूल विचार करायला आमची हरकत नाही."

कडेला बसलेल्या पाळकांनी हसून मान हलवली. आता फक्त आभार मानायचे होते.

"शनिवारी मोडायला हवा होता," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

ताईंनी सगळं सांगितलं. "एक बाई उपाशी गेली. भाकर माझ्या मांडीवर होती. मी माझा अर्ज सांभाळत बसले."

 अध्यक्षांनी विचारलं, "उद्या पुन्हा तशी वेळ आली तर? दीक्षेच्या आधी?"

"देईन."

अध्यक्षांनी फाईल मिटली. "मग पुढच्या वर्षी बघू." पाळक आपल्या नखांकडे बघत राहिले.

बाहेरच्या खोलीत कारकुनाने सभेचं इतिवृत्त सहीसाठी पुढे केलं आणि आवाज खाली आणला. "ताई, ते शनिवारचं गाळू का? पुढच्या वर्षी हीच फाईल निघेल. उगाच आड येईल."

"वाचून दाखवा."

"'एक बाई उपाशी गेली. त्या अर्ज सांभाळत बसल्या.'"

"'त्या बसल्या' नको. 'मी बसले' लिहा."

त्याने खोडून तसं लिहिलं. ताईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पूर्ण नावाने सही केली आणि खाली तारीख घातली.