माझी सवत, लाल चाकांची गाडी

मी कापडाची बाहुली बोलतेय. लहान मुलांच्या तपासणीच्या खोलीत, खेळण्यांच्या पेटीत माझा मुक्काम. शिवणाऱ्या बाईंनी मला टपोरे डोळे काढले, ते कुणीतरी त्यांत बघावं म्हणून. पण इथली कितीतरी लेकरं माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. थेट लाल चाकांची गाडी उचलतात, उलटी करतात नि चाक फिरवत बसतात. दार निखळलंय, रंग उडालाय, तरी मिरवते मेली! देव साऱ्यांचं भलं करो, तिचं जरा कमी करो.

एकदा चिमणी नावाची पोर आली, आईसोबत. तपासणाऱ्या ताईंनी खेळणी मांडली. चिमणीचा हात गाडीकडे गेला, तशी आई खाकरली. लगेच चिमणीनं मला उचललं, तोंडाला चमचा लावला. "खा गं सोनू, शहाणी माझी!"

मी हरखले. गाडीकडे असं काही बघितलं म्हणता!

ताईंनी माझ्या तोंडावरून पांघरूण घातलं. "बाळ झोपलं हं."

चिमणीनं पांघरुणावरच चमचा टेकवला. "खा गं सोनू, शहाणी माझी!" तेच शब्द, तोच सूर, नजर गाडीवर.

"घरी शिकवलंत का हो?" ताईंनी हळूच विचारलं.

आईचा चेहरा उतरला. "महिनाभर घोकून घेतलं. पोर पास होऊ दे म्हणून देवापुढं हात जोडले."

"अहो, ही परीक्षा नाही. पास करून घरी धाडली, तर हिला मदत कशी मिळायची? तिचं तिला खेळू द्या."

म्हणजे ते लाड माझे नव्हतेच! चिमणी माझ्या सवतीपाशी आडवी झाली, गाल जमिनीला, डोळा चाकाला. ताईही शेजारी आडव्या झाल्या. चाक फिरवलं आणि मध्येच थांबवलं. चिमणीनं त्यांचा हात ओढून चाकावर ठेवला. मग निमिषभर त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"पाहिलं हो तिनं!" आई पुढे सरकली.

"पाहिलं ना! इथूनच सुरुवात करू. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असावी असं वाटतंय. अजून एकदोनदा भेटून नक्की सांगते."

तसंच निघालं. आता चिमणी नेमानं येते, माझ्यासाठी नव्हे, सवतीसाठी. मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण आयांनो, माझे लाड करायला लेकरांना घोकवून पाठवू नका. मी वाट बघेन.

काल ताईंनी मला गाडीवर बसवलं. चाक फिरलं, मी कलंडले. चिमणीनं मला उचललं, पुन्हा बसवलं आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "परत."

हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. सवतीच्या पाठीवर का होईना, मी बसलेय.