ढोम्या माझ्यासाठी रडतो

आमच्या गल्लीतला कुत्रा, ढोम्या, आठ दिवस रोज दिवेलागणीला माझ्या खिडकीखाली बसून गळा काढत होता. कुत्रं रडलं की घरातलं माणूस जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरात माणसं दोनच, सून मनिषा पस्तिशीची आणि मी चौऱ्याहत्तरचा. मला न विचारता सगळ्यांनी मलाच निवडलं.

लांज्याहून बहीण काशी आली, ती तेरा दिवसांचे कपडे घेऊनच. मुलगा नितेश मुंबईच्या बंदरात क्रेन चालवतो. गणपतीलाही जेमतेम दोन दिवस येणारा, पण मी फोनवर कुत्र्याचं सांगितल्यावर पंधरा दिवसांची रजा टाकून आला. मला रोज सरंग्यासारखा महाग मासा मिळू लागला. मरणात एवढी चैन असते हे ठाऊक असतं, तर मी केव्हाच मनावर घेतलं असतं.

काशीने ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि त्याच दिवशी मनिषाची पेटी बंद करवली. "घरात जाणारं माणूस असताना वाजवणं बरं दिसत नाय गो." मनिषा महिला भजनी मंडळात पेटीवर बसते, हल्लीच रोज संध्याकाळी सराव करू लागली होती. स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. त्या संध्याकाळपासून ढोम्याही गप्प. देव पावला, असं काशी म्हणाली, तरी थोडे दिवस लक्ष ठेवायला हवं, असंही म्हणाली.

एका दुपारी सगळी बाजारात गेली होती. वेळ जाईना म्हणून मी पेटी उघडली आणि एक पट्टी दाबून धरली. बाहेर ढोम्याने लगेच तान घेतली. मी पट्टी बदलली, तसा त्यानेही सूर बदलला, पण माझ्या सुराला काही मिळेना, शेजारचा वेगळाच धरून बसला. मला हेका न सोडणाऱ्या काशीची आठवण झाली.

म्हणजे हा रडत नव्हता, गात होता. मी पेटी मिटली आणि गप्प बसलो. सांगितलं तर नितेश दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठणार, आणि मला तो घरात हवा होता. दोन दिवस मी चोरासारखा सरंगा खाल्ला. तिसऱ्या दिवशी मनिषा परातीच्या काठावर बोटं चालवताना दिसली, आणि माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर पेटी वाजवली. ढोम्याने साथ दिली. काशी तोंड फुगवून कपडे भरायला गेली. मनिषाने पेटी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

नितेश माझ्याजवळ ओटीवर येऊन बसला. "बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या फोनवर मागून पेटी ऐकू येत होती. ती थांबली की कुत्रा थांबायचा."

"मग आलास कशाला?"

"दोन वर्षं रजा मागतोय. बापाशी बसायचंय म्हटलं तर साहेब देत नाय. कुत्रं रडतंय म्हटल्यावर लगेच सही केली. तोपण आपल्याकडचाच, राजापूरचा हाय."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अजून पाच दिवस हाय मी," तो हळूच म्हणाला. "मनिषाला यातलं काय सांगू नका, मला ठाऊक असून तिची पेटी बंद राहिली."