बोटीची चार भोकं

तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, एवढं तरी कळावं ना माणसाला! अनुसयाबाईला आठ महिन्यांत तेही कळलं नव्हतं.

कापसाच्या शेडमध्ये, ट्रॉलीच्या शेजारी, लाकडी ठोकळ्यांवर ते पांढरं धूड बसलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिच्या मुलानं, हेमकांतनं, ते सुरतेकडच्या कुठल्या भंगारातून ट्रकवर घालून आणलं. बैलगाडीला बैल पुढे असतात, ट्रॅक्टरला इंजिन पुढे असतं. या बोटीला इंजिन मागे लटकणार. आणि चाक म्हणाल तर ना पुढे ना मागे, बरोबर मधोमध, एका उभ्या पेटीवर, जशी देवळातली दानपेटी. चालवणाऱ्यानं तिथं उभं राहायचं. भोवतीनं रान मोकळं.

"बसाले काय झालं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"उभं ऱ्हायनं म्हणजे पाणी दिसस, माय. अन् गळले मासा लागना म्हणजे त्याना मांगे मांगे बोटवर चारीकडे फिरता येस."

"माणूस मासाना मांगे फिरस?"

"हा."

अनुसयाबाईनं मान डोलावली. समजलं म्हणून नाही, आणखी विचारलं असतं तर समजलं नाही हे दिसलं असतं म्हणून.

घर गुजरांचं, तापीकाठचं. स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही, मासा तर लांबच. आणि पोरगा मासे धरायची बोट दुरुस्त करत बसलेला. गावात बायका विचारायच्या, आता तुमच्याकडे मासे शिजणार का? अनुसयाबाई म्हणायची, "शिजाडसू. तुमले जेवाले बलावसू." असं बोलून ती घरी यायची आणि पुन्हा हेमकांतला गाठायची.

"खावाना नहीत, माय. पाहुणा येतीन, शहादाथून, सुरतथून. मासा पकडतीन, फोटो काढतीन, सोडी देतीन."

"सोडी देतीन?"

"सोडी देतीन."

त्याच्याबरोबर काम करणारा बाज्या, नदीवर जन्म काढलेला कोळी, घासपेपर बाजूला ठेवून हसला. "मोठी माय, माले बी समजत नही. धरेल मासा सोडीसनी मी घर गवू ते बायको माले सोडी दी."

बाज्यालाही कळत नाही म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं.

कळत होती ती एकच गोष्ट, आणि ती खुंटीवर टांगलेली होती. काळी रेक्झिनची बॅग. अकरा वर्षं हेमकांत सुरतेत फायबरच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात होता. दिवाळीला चार दिवस यायचा, त्याच बॅगेत कपडे घेऊन. त्याची बायको कामिनी इथं सासूजवळ, शेत आणि गुरं सांभाळत. या वेळी तो बोटीबरोबर आला तेव्हा कामिनीनं अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं. ते अर्धं रिकामंच राहिलं. रोज तो बॅगेतून शर्ट काढायचा आणि धुतलेला परत बॅगेत घालायचा.

"आखाजीले पाणीमा चालनी ते मी आठेच ऱ्हासू," अक्षय तृतीयेला बोट उतरवायची ठरली तेव्हा तो जेवताना म्हणाला होता. "नही चालनी ते सोमवारनी सुरतनी बस."

कामिनीची पोळी तव्यावर करपली. अनुसयाबाई म्हणाली, "तुले कोणी धरी ठेवेल शे? जाय ना." आणि उठून गोठ्यात गेली. गुरांना वैरण टाकलेली होती, तरी तिनं पुन्हा टाकली.

त्या दिवसापासून त्या धुडावर तिची नजर बसली. पोरानं तळाचा कुजका प्लाय ग्राइंडरनं कापला, नवा बसवला, वर फायबरची जाळी आणि उग्र वासाचं रसायन. तो वास महिनाभर भाकरीला येत होता. मग पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी, रंग. मधल्या पेटीत वायरी, बटणं, बॅटरी. तळाखाली पोट होतं, पोटात छोटा पंप. कडेनं चार तिरप्या नळ्या. त्या गळाच्या काठ्या ठेवायच्या, असं कळायच्या आधी अनुसयाबाईनं खालूनच हात उंचावून एकीत उदबत्ती लावली होती. कामिनीनं जुन्या सोफ्याच्या रेक्झिनची गादी शिवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी हेमकांत इंजिनाचं ऑइल आणायला शहाद्याला गेला. बाज्या जेवायला घरी. अनुसयाबाई शिडी लावून बोटीत चढली. पहिल्यांदाच. म्हटलं, उद्या सगळं गाव बघणार, एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावं.

आणि तिनं पाहिलं.

मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, उभं राहायच्या तळाच्या अगदी लगत, आरपार भोकं. एका कोपऱ्यात दोन, दुसऱ्यात दोन. वाकून डोळा लावला तर पलीकडचा ट्रॅक्टरचा टायर दिसला.

आठ महिने घासलं, रंगवलं, आणि भोकं तशीच? सांगावं का हेमकांतला? आधीच त्याचा चेहरा उतरलेला, रात्रीची झोप नाही. सांगितलं तर म्हणेल, नाहीच जमलं मला, आणि बॅग उचलेल.

भोक बुजवणं तिला नवं नव्हतं. पत्रे, कणगी, ठिबकची टाकी, गुरांची पाण्याची कुंडी, या घरात आजवर एक भोक तिच्या हातून सुटलं नव्हतं. पत्र्यांसाठी आणलेलं डांबर होतं. गोणपाटाचे बोळे करून तिनं चारही भोकांत कोंबले, वर डांबर थापलं, आणि ते जरा घट्ट होताच डब्यात उरलेला पांढरा रंग फासला. लांबून पाहिलं. काही कळत नव्हतं. हात रॉकेलनं धुतले आणि कोणाला अवाक्षर बोलली नाही.

आखाजीला घरोघर पितरांच्या घागरी भरल्या, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवला, पुरणपोळी आणि आमरस झाला. उन्हं कलल्यावर बोट ट्रॅक्टरमागे गाड्यावर बांधून नदीवर नेली. बॅरेजमुळे तापी काठोकाठ, हलत नव्हती.

त्यांच्या भावकीची एक रीत होती. ट्रॅक्टर असो, मळणीयंत्र असो, नवी वस्तू कामाला लावायच्या आधी घरटी एका सुनेनं तिच्यावर कुंकू-झेंडू घातलेली तापीची एक घागर ओतायची. बावीस घरं, बावीस घागरी.

"बोटले बी?" कामिनीनं नवऱ्याला विचारलं.

"ओता ना. बोट शे, पाणीले काय घाबराना?" हेमकांत ट्रॅक्टरवरून हसला. त्या दिवसातलं पहिलं हसणं.

गाड्याच्या कडेवर उभ्या राहून सुनांनी बावीस घागरी आत रित्या केल्या. काठ उंच, आतलं कोणाला दिसत नव्हतं. अनुसयाबाईनं नारळ फोडला. ट्रॅक्टर मागे सरकला, बोट पाण्यात घसरली, हेमकांत आणि बाज्या उडी मारून चढले. इंजिन खोकलं आणि लागलं. पोरांनी आरोळी ठोकली. बोट शंभर पावलं गेली असेल, आणि थांबली.

मागचं अंग खाली बसलं होतं. हेमकांत वाकून खाली बघत होता.

"पाणी!" तो ओरडला. "घोटा घोटा पाणी शे!"

काठावर एकदम गलका झाला. अनुसयाबाई पुढे सरकली. पाणी कुठून? चारही भोकं तर बंद! म्हणजे पाचवं होतं कुठं? तिनं मनात सगळी बोट चाचपून पाहिली. नव्हतं. नक्की नव्हतं.

तिचा चुलतदीर उखा मिशीवर हात फिरवत जवळ आला. "वहिनी, पोऱ्या अकरा वरीस टाकी बनाये. बोट बी टाकीच बनाई त्यानी. पाणी कशी मस्त धरस!"

लोक हसले.

हेमकांत नि बाज्या काठ्या मारत बोट काठाला घेऊन आले. हेमकांतनं तळाचं झाकण उघडलं, पोटात हात घातला. हात कोरडा. पंपाचं बटण दाबलं, तो नुसता घरघरला. "पोट कोरडं, अन् वर तळं," तो स्वतःशीच म्हणाला. "हाई कशी व्हई ऱ्हायनं?" मग त्यानं बाज्याकडे पाहिलं. "मांगली बाजू तू जोडी व्हती ना?"

बाज्याचा चेहरा पडला. "जोडी तं नीट व्हती, भाऊ."

हेमकांतनं चाकावरचा हार काढून बाजूला ठेवला. हळूच ठेवला. अनुसयाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढे खुंटीवरची बॅग आली.

बोटीच्या काठाला धरून ती आतल्या पाण्याकडे बघत राहिली. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या, कुंकू. नदीच्या पाण्यात कुंकू कुठून आलं? घागरींतून आलं. म्हणजे हे पाणी खालून आलंच नाही, वरून आलं. आपल्याच सुनांनी ओतलं. मग ते गेलं का नाही? जायला वाट... तिथं तिचं डोकं अडकलं, आणि मग नजर मागच्या कोपऱ्यातल्या ताज्या पांढऱ्या रंगावर गेली.

आता सांगायचं म्हणजे बावीस घरांसमोर. अनुसयाबाई कधी चुकली, असं गावात कोणाला माहीत नव्हतं. एकदा शहाद्याच्या स्टँडवर कळसाडीची म्हणून ती म्हसावदच्या बसमध्ये बसली. म्हसावदला उतरून, तिथल्या लांबच्या नात्यातल्या घरी जाऊन जेवली आणि परत येऊन सांगितलं, काम होतं. आजपर्यंत ते कामच होतं.

हेमकांत बोटीतून उतरायला लागला.

तिनं लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरली. "बाज्याकडे काय पाहस? मनाकडे पाह. मांगली चार भोकं मी बुजी टाकात. काल. डांबर लावीसन. वर रंग बी दिना."

उखाचा हात मिशीवरच राहिला. "वहिनी... तुम्हीन?"

"हा, मीच! मांगला वरीसले तुम्हना पत्राले बी मीच डांबर दिन्हं व्हतं. गळस का ते?"

उखा मागे सरला.

"माय," हेमकांत म्हणाला, "ती भोकं पाणी बाहेर जावासाठी शेत. मुद्दाम ठेयेल."

"मंग नदीनं पाणी मझार काबर येत नही?"

"भोक नदीना वर ऱ्हास."

अनुसयाबाईनं बोटीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. जे भोक बोट बुडवायचं तेच बोट वाचवतं, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. पण कामिनीनं डांगर कापायला आणलेली सुरी पुढे केली होती. ती घेऊन सासूनंच बोटीत चढून, कोपऱ्यात बसून डांबर उकरलं, बोळे उपसले. चौथा निघाला तसं पाणी चार धारांनी गटगट बाहेर पडायला लागलं आणि बोटीचं मागचं अंग हळूहळू वर आलं.

"आते उतरू नको, तू बी चाल ना, माय," हेमकांत म्हणाला.

ती उतरली नाही. पाहुण्यांच्या पाण्यासाठी ठेवलेल्या बर्फाच्या पेटीवर बसली, दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरून. बोटीनं वळण घेतलं तसं गाव डावीकडून उजवीकडे गेलं. अजूनही तिला पुढचं तोंड नक्की कुठलं ते कळेना. तिनं विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी अंगण झाडताना फाट्यावर सुरतच्या बसचा हॉर्न वाजला. अनुसयाबाईनं खुंटीकडे पाहिलं. बॅग नव्हती.

केरसुणी हातातच राहिली. आत कामिनी तव्यावर भाकरी टाकत होती, गुणगुणत होती. नवरा जाताना बाई गुणगुणते का? की आता हिचंही काही समजेनासं झालं? सुनेला विचारणं जमण्यासारखं नव्हतं. ती तशीच शेडकडे निघाली.

बॅग बोटीत होती. चाकाच्या पेटीखाली. आत पाने, पकड, दोरखंड, एक ऑइलनं माखलेलं फडकं. शर्ट एकही नाही. खालच्या कोपऱ्यात रेक्झिन फाटून बोटभर भोक पडलं होतं, त्यातून एक नट खाली ओघळला होता.

अनुसयाबाईनं नट उचलला. डांबराचा डबा कोनाड्यात होता, हात तिकडे गेलाही. मग थांबला.

"हेमकांत!" तिनं हाक मारली. "आठे ये जरा. हाई भोक बुजानं शे का ऱ्हाऊ देवानं?"