गळ्याखालचा पिवळा

अशी कल्पना कर, की तुझ्या तळहातावर एक साप आहे. दचकू नकोस. तो करंगळीएवढा जाड आहे, बिनविषारी आहे आणि तुझ्या हाताची ऊब त्याला आवडलेली दिसते. आता मला सांग, त्याचा रंग कोणता? राखाडी म्हणशील. बरोबर आहे. पण राखाडीतला कुठला?

इथेच भल्याभल्यांची गाडी अडते. शिनोलीच्या आदेशकाकाचीही अडली होती.

आदेशकाका जळालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करून देतो आणि घराच्या मागच्या खोलीत कॉर्न स्नेक पाळतो. हा परदेशातला साप. आपल्या धामणीला किंवा नागाला घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. कॉर्न स्नेक मूळचा केशरी, अंगावर लाल ठिपके. पण कधीकधी एखाद्या पिल्लात काळा रंग उतरतच नाही. ते केशरी-पांढरं होतं आणि त्याचे डोळे लाल दिसतात. कधी लाल रंग उतरत नाही, मग पिल्लू राखाडी होतं. पाळणारे अशा प्रत्येक प्रकाराला मॉर्फ म्हणतात. राखाडीतही दोन प्रकार आहेत, एक अ‍ॅनरी आणि दुसरा चारकोल. अंड्यातून बाहेर येताना दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. पुढे अ‍ॅनरी वाढू लागला की त्याच्या गळ्याखाली पिवळा रंग चढतो. चारकोलचा गळा बहुतेक वेळा कोराच राहतो.

म्हणजे थांबावं लागतं. काका थांबला नव्हता. पिल्लू जन्मलं त्याच दिवशी त्याने डब्याला चिठ्ठी लावली, ‘चारकोल’. घोडेगावच्या प्रतिभाताई दोन वर्षांपासून चारकोलच्या शोधात होत्या. काकाने त्यांना शब्द देऊन टाकला. गेल्या साली त्याने एकाला साधाच साप वेगळ्या मॉर्फचा म्हणून दिला होता. साप पाळणारी माणसं या भागात मोजकी, सगळी एकमेकांना ओळखणारी. त्यांनी काकाला महिनाभर चिडवलं. आता पुन्हा चूक झाली असती, तर त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता.

प्रतिभाताई यायच्या होत्या त्या रविवारी सकाळी काकाची पुतणी अक्षदा डब्यांमधलं पाणी बदलत होती. अक्षदा सहावीत आहे. राखाडी पिल्लाने मान वर केली आणि तिचा हात थांबला.

“काका, ह्यो चारकोल न्हाई वाटत.”

“जन्मला तवा मीच चिठ्ठी लावलीय.”

“ती जन्मला तवाची हाये. आता सात महिनं झालं त्याला. गळा बघा.”

काकाने वाकून पाहिलं. “ट्यूबचा उजेड पडलाय त्याच्यावर.”

“ट्यूब पांढरी हाये, काका.”

तेवढ्यात बाहेर स्कुटी थांबली. काका हळू आवाजात म्हणाला, “आता गप ऱ्हा जरा. पावण्यांसमोर नको.”

प्रतिभाताई आत आल्या, पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष डब्याकडे. त्यांनी सोबत कापडी पिशवीही आणली होती. अक्षदाच्या मनात आलं, आत्ता बोलले तर काका चिडेल. नाही बोलले तर दोन महिन्यांनी सगळे काकाला हसतील, आणि मला हे आधीच दिसलं होतं, ते फक्त मलाच माहीत असेल.

तिने डबा उचलला आणि थेट ओट्यावर नेला.

“ताई, उन्हात बघा. मंग घ्या.”

ओट्यावर आजोबा, हौशीराम, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सूप बाजूला सरकवून जागा करून दिली. अक्षदाने पिल्लू अलगद हातावर घेतलं. त्याने जीभ बाहेर काढली, मान उंच केली. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, हळदीचं बोट पुसटसं लागावं तसा पिवळा रंग होता.

तो बघून आजोबाच हसायला लागले.

“आदेश, तांबड्या आठवतो का रं?”

“दादा, आता कशाला ते?” काका आपल्या वडलांना म्हणाला.

“ताई, ह्यो आदेश सात-आठ वर्साचा व्हता,” आजोबा म्हणाले. “आमच्या खिलार गाईला खोंड झाला. खिलारचं वासरू जन्मतं तवा डोकं तांबूस असतं. ह्येनं लगेच नाव ठेवलं, तांबड्या. मी म्हणलं, थांब, तीन महिनं जाऊ दे. ऐकलं न्हाई. खोंड झाला पांढराफेक. मरंस्तवर पांढऱ्या बैलाला आमी तांबड्या म्हणून हाका मारल्या. बाजारात लोक येड्यात काढायचे.”

प्रतिभाताई तोंडाला पदर लावून हसल्या. काकाचे कान लाल झाले. त्याने पिल्लू आपल्या हातात घेतलं आणि उन्हात बराच वेळ त्याला फिरवून पाहिलं. मग डब्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

“ताई, ह्यो चारकोल न्हाई. अ‍ॅनरी हाये. माझी चूक झाली,” तो म्हणाला. मग शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, “आमच्या अक्षदानं वळखला. मी सात महिनं रोज बघतोय, मला न्हाई दिसलं.”

“लई बारीक नजर हाये तिची,” आजोबा म्हणाले, आणि सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ त्यांनी अक्षदाच्या ओंजळीत ओतली. एरवी त्या दाण्यांना ते कुणाला हात लावू देत नसत, बियाण्याचे होते.

प्रतिभाताईंची पिशवी रिकामीच राहिली, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी मोबाइल काढला. “माझ्याकडं एक मादी आहे. चारकोल म्हणूनच घेतली होती, तीही पिल्लू असताना. आता माझ्याच मनात शंका आलीये. अक्षदा, फोटो बघून सांगतेस का?”

काकाने अक्षदाकडे पाहिलं. तिने फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. उत्तर द्यायचा मोह तिला नक्कीच झाला असणार. सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते.

“फोटोत न्हाई कळत ताई,” ती म्हणाली. “रंग बदलतो मोबाइलमधी. उन्हात बघाया लागंल.”

“मग येतेस घोडेगावला? तासाभरात आणून सोडते.”

अक्षदाने काकाकडे पाहिलं. काका म्हणाला, “जा की. माझ्यापरीस तूच बरी.”

एका घरातल्या सापाचा आजार दुसऱ्या घरातल्या सापाला लागू शकतो. अक्षदा मोरीत गेली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, अंगातला फ्रॉक बदलला आणि प्रतिभाताईंच्या स्कुटीवर मागे जाऊन बसली.