थांबण्याची सोय

"मावशी, आज पाहुण्यांसमोर मध्येच थांबायचं नाही हं," तेजस माझ्या मांडीवर बेल्ट आवळत म्हणाला.

"का? मी थांबले की पाहुण्यांना चक्कर येते?"

तो हसला नाही. तेजस म्हणजे या यंत्राचा इंजिनिअर. पक्षाघातानं माझा डावा पाय गेला, त्यानंतर दर गुरुवारी कंपनीची गाडी मला शुक्रवार पेठेतून हिंजवडीला आणते. इथे त्यांचा रोबो माझे पाय धरून मला सरकत्या पट्ट्यावर चालवतो. मग सगळे विचारतात, "विमलाबाई, कसं वाटलं?" मी सांगते, ते माना डोलावतात, आणि पुढच्या गुरुवारी सगळं जिथल्या तिथं.

माझं म्हणणं एकच. याला थांबणं कळत नाही. अहो, जन्मभर पुण्यात चालले ती थांबत थांबतच. मंडईत भाव विचारायला, दगडूशेठसमोर चप्पल काढून हात जोडायला, कुणी ओळखीची भेटली तर तिच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकायला. इथे मी पाय रोवला की हा मेला ओढतो आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात, चूक झाली म्हणून. थांबवायचं बटण तेजसच्या हातात, आणि ते दाबलं की सगळी मेहनत बाद धरतात.

"आज डिझाइन फायनल होतंय," तेजस खाली बघत म्हणाला. "डेमो बिघडला तर वरून दुसरा युजर घ्यायला सांगतील."

म्हणजे माझे गुरुवार गेले. भीती वाटलीच. घरी मी भिंत धरून मोरीपर्यंत जाते, तेवढीच माझी धाव. नम्रता, इथली फिजिओ, म्हणायची की असंच चालू राहिलं तर काठी घेऊन जिना उतराल. त्या जिन्यासाठी माझा जीव टांगणीला लागलेला.

पाहुणे आले. यंत्र सुरू झालं. मी शहाण्या मुलीसारखी चालले. तेवढ्यात एक टायवाले गृहस्थ जवळ येऊन चक्क मराठीत म्हणाले, "आजी, कसं वाटतंय?"

माणूस विचारपूस करतोय, तर थांबून उत्तर द्यायची आमची रीत. मी थांबायला गेले. यंत्रानं ओढलं.

"तेजस, थांबव."

"मावशी, प्लीज. थोडंच राहिलंय."

"हे माझ्याशी बोलताहेत. थांबव म्हणते ना."

चांगला पाय रोवला, दोन्ही हातांनी दांडा धरला. यंत्र घरघरायला लागलं, पडदा लाल झाला. तेजसनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"हं, तुम्ही विचारलंत," मी म्हणाले. "यंत्र चांगलंय. पाय उचलतं. पण माझं ऐकत नाही. मला नंदीबैलासारखं फिरवतं."

कुणीतरी खुर्ची घेऊन धावलं.

"नको. मी दमले नाहीये. थांबलेय."

पुढच्या गुरुवारी गाडी आली नाही. दुपारी नम्रताचा फोन आला.

"मावशी, तेजसनं दांड्यावरच बटण बसवलंय. वाटेल तेव्हा थांबायचं, वाटेल तेव्हा चालायचं. आता लाल काही येत नाही. पण..."

"कळलं. गाडी नाही आली तेव्हाच कळलं."

रडू आलं. जिना माझा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. मग पदरानं डोळे पुसून विचारलं, "आता कोण येतं?"

"येरवड्याच्या दुर्गाबाई. मघाशी मध्येच थांबल्यात, त्या खिडकीबाहेर बघत उभ्याच आहेत. सगळे खोळंबलेत. तेजस वाट बघतोय."

"बघू दे वाट," मी म्हणाले.