सॉनात बसवलेली सायकल

मी एक सायकल बोलतेय. जाड्या टायरची. मला पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "हिला सूज आलीय का?" फिनलंडच्या उत्तरेकडच्या बर्फाळ रस्त्यावर या म्हणावं, मग कळेल. तुमच्या त्या सडपातळ सायकली इथे पहिल्याच वळणावर आडव्या होतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो कालेर्वो. जंगलखात्यातून निवृत्त झालेला, एकटा, बोलण्यात महाकंजूष. दुकानात त्याने माझं टायर दाबून पाहिलं, "हं" म्हणाला, आणि मी त्याची झाले.

हिवाळ्यात रोज सकाळी तो माझी थोडी हवा सोडायचा, म्हणजे बर्फावर टायर नीट पसरतं, आणि आम्ही आउनेकडे कॉफीला निघायचो. आउने विधवा, तोंडाने फटकळ. वाटभर हा बाबा माझ्याशी भडाभडा बोलायचा, "आउने, मला तू आवडतेस गं." तिच्या दारात पोचला की तोंडाला कुलूप! कॉफी प्यायची, "बरी झालीय" म्हणायचं आणि परत फिरायचं. अस्सा संताप यायचा मला!

यंदा आउनेने घर सोडायचं ठरवलं. शनिवारी जावई तिला दक्षिणेला लेकीकडे नेणार होता, कायमचं.

शनिवारी कालेर्वो वाटेत तेच वाक्य घोकत होता आणि नेमकं माझ्या मागच्या चाकातलं वंगण गोठलं. पेडल नुसतंच गरगर फिरायला लागलं, चाक काही पकड घेईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्याने ढकलत नेलं मला.

दारात जावयाची गाडी सामान भरून उभी होती. निघण्याआधी अंग शेकायला आउनेने सॉना, म्हणजे आमच्याकडची वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवला होता. मला बघून ती ओरडली, "अरे, गोठलीय की ती! आत घे, वाफ दे तिला."

"सायकलला?"

"मग काय तुला?"

आमच्याकडे बाळंतीण असो नाहीतर पडसं, औषध एकच, सॉना. मला लाकडी बाकावर बसवलं. दोन्ही बाजूंना ते दोघं, अंगात जाडजूड कोट तसेच. आउनेने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत कुणाला काही दिसेना. कालेर्वोने सवयीने माझं हँडल धरलं आणि बोलून गेला, "आउने, मला तू आवडतेस गं. जाऊ नकोस."

आउनेने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"सायकलचं नाव आउने ठेवलंयस?"

"नाही."

"मग इकडे बघून बोल की, मेल्या!"

तो तिच्याकडे बघून बोलला. माझ्या मागच्या चाकातलं वंगण तेवढ्यात वितळलं, पण विचारतो कोण?

बाहेरून जावयाने हाक मारली, "आई, उशीर होतोय!"

"तू नीघ," आउने म्हणाली. "मी सायकल सुकवतेय."

ती अजून सुकवतेच आहे. दर शनिवारी मला मध्ये बसवून दोघं घाम गाळत गप्पा मारतात. माझी साखळी गंजली, सीटची साल निघाली. लोकहो, कुणीतरी त्यांना सांगा, मी कधीच बरी झालेय! नाही, नको. सांगू नका. माझं हँडल धरल्याशिवाय त्याला अजून बोलता येत नाही.